दूध संस्थांच्या सॉफ्टवेअरसाठी पोस्टग्रेस, मायएसक्यूएल की मारियाडीबी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कोल्हापुरातली एक छोटी सॉफ्टवेअर फर्म गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर पुरवते. साधारण ३०० संस्था आहेत. प्रत्येक संस्थेत एक विंडोज पीसी आणि त्यावर नोंदी साठवायला मायएसक्यूएल ५.७ हा डेटाबेस. राजारामपुरीतल्या ऑफिसात मध्यवर्ती सर्व्हर आहे, तोही ५.७ वरच. या आवृत्तीचा पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला. आता मायएसक्यूएल ८.४ वर जायचं, मारियाडीबी घ्यायचं की थेट पोस्टग्रेसवर जायचं, आणि यातलं सगळ्यात फास्ट कुठलं?

वेगाचा मुद्दा आधी निकालात काढू, कारण बहुतेक चर्चा तिथेच अडकते. एका संस्थेत २५० सभासद धरले तर सकाळ-संध्याकाळ मिळून रोज ५०० नोंदी होतात. ३०० संस्थांच्या रोज दीड लाख, वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास. सकाळच्या दोन तासांत ७५,००० नोंदी येतात, म्हणजे सेकंदाला दहा-अकरा. साध्या एसएसडीवर आणि १६ जीबी रॅमवर यातला कुठलाही डेटाबेस हे काम आरामात करेल. वर्षाचा डेटा सात-आठ जीबी, इंडेक्स (जलद शोधासाठीची सूची) धरून त्याच्या दुप्पट. इतक्या भारासाठी बेंचमार्कचे आलेख बघण्यात वेळ घालवू नका.

खरा खर्च पुढच्या दहा वर्षांत येतो: अपग्रेड करताना, वीज गेल्यावर, आणि एखादा बग तुमच्या वाट्याला आल्यावर. हा खर्च किती येईल हे त्या डेटाबेसमध्ये बदल कोण करतं, कुठे चर्चा करून करतं आणि तो बदल तुम्हाला कधी दिसतो, यावर ठरतं. म्हणून तुलना इथून सुरू करायला हवी.

पोस्टग्रेसचं मूळ बर्कलीतल्या विद्यापीठात आहे. १९८६ मध्ये मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून ते सुरू झालं आणि १९९६ मध्ये त्याला पोस्टग्रेसक्यूएल हे नाव मिळालं. आज त्याला मालक कंपनी नाही. कोअर टीम सात जणांची आहे, आणि एकाच कंपनीचे लोक त्यात निम्म्याहून जास्त नसावेत असा संकेत पाळला जातो. २०२० मध्ये पोस्टग्रेसच्या सेवा देणाऱ्या ईडीबी या कंपनीने त्याच क्षेत्रातली सेकंडक्वाड्रंट ही कंपनी विकत घेतली तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. प्रत्यक्ष कोड आत घालण्याचा अधिकार सुमारे तीस कमिटर्सकडे आहे. कुणीही पॅच (कोडमध्ये सुचवलेला बदल) हॅकर्स नावाच्या मेलिंग लिस्टवर पाठवतो, तो कमिटफेस्टच्या (पॅच तपासण्याच्या ठराविक फेरीच्या) यादीत नोंदवतो, इतर लोक तपासतात, पॅच परत जातो, सुधारून पुन्हा येतो. कमिटफेस्ट वर्षातून पाच वेळा भरतो: जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च. एप्रिलमध्ये नवी वैशिष्ट्यं घेणं बंद होतं, मेच्या सुमारास बीटा येतो, सप्टेंबर-ऑक्टोबरात मुख्य आवृत्ती. मुख्य आवृत्तीला पाच वर्षं पाठिंबा, आणि फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबरमध्ये दुरुस्तीच्या छोट्या आवृत्त्या. या छोट्या आवृत्त्यांत नवी वैशिष्ट्यं घालत नाहीत, फक्त दुरुस्त्या करतात. तुमच्यासारख्या तीन-चार जणांच्या टीमसाठी हा नियम सोन्यासारखा आहे.

ही पद्धत किती कडक आहे याचं उदाहरण म्हणजे मर्ज ही, ओळ असेल तर बदलणारी आणि नसेल तर नवी घालणारी, कमांड. २०१८ मध्ये अकराव्या आवृत्तीसाठी ती कोडमध्ये घेतली गेली होती. नंतर तपासणीत रचनेबद्दल आक्षेप आले आणि आवृत्ती बाहेर पडण्याआधीच ती काढून टाकली. शेवटी ती २०२२ मध्ये पंधराव्या आवृत्तीत आली. चार वर्षं! सतराव्या आवृत्तीतही कालावधीवर आधारित प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) घेतली होती, ती २०२४ च्या मे महिन्यात मागे घेतली आणि अठराव्यात आणली. एखादं वैशिष्ट्य हवं असलेल्याला हे संथ वाटतं. पण ज्याचा हिशेब त्यावर चालतो त्याने या संथपणाची किंमत ओळखावी.

पोस्टग्रेस निर्दोष आहे असं मात्र नाही. १४.० ते १४.३ या आवृत्त्यांत चालू टेबलवर कॉनकरंटली (म्हणजे नोंदी न थांबवता) पद्धतीने इंडेक्स बांधला तर तो खराब होण्याची शक्यता होती. जून २०२२ मध्ये वेळापत्रक मोडून १४.४ काढावी लागली. नोव्हेंबर २०२४ मध्ये १७.१ मुळे काही एक्स्टेंशन (पोस्टग्रेसला जोडायची जादा सॉफ्टवेअर) अडखळली आणि आठवड्यात १७.२ आली. दोन्ही वेळा चर्चा, कारण आणि दुरुस्ती सगळं मेलिंग लिस्टवर उघड होतं. गैरसोयीही आहेत. बगसाठी रीतसर ट्रॅकर नाही. बग मेलने जातो, त्याला क्रमांक मिळतो आणि पुढचं सगळं त्या मेलच्या धाग्यात शोधावं लागतं. कनेक्शन पूलिंग (थोड्या जोडण्या अनेकांत वाटून वापरण्याची सोय) कोअरमध्ये नाही, फाइल पातळीवरचं एन्क्रिप्शन नाही.

मायएसक्यूएलची गोष्ट वेगळी. १९९५ मध्ये स्वीडनच्या मायएसक्यूएल एबी कंपनीने ते काढलं. २००८ मध्ये सन या अमेरिकी संगणक कंपनीने ती कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला घेतली, आणि जानेवारी २०१० मध्ये सन ओरॅकलकडे गेली. त्याआधी २००५ मध्येच ओरॅकलने इनोडीबी (मायएसक्यूएलमध्ये डेटा साठवणारा भाग) बनवणारी फिनलंडची इनोबेस विकत घेतली होती. कोड जीपीएल या परवान्याखाली खुला आहे, पण विकास ओरॅकलच्या आत होतो. गिटहबवर कोड दिसतो तो मुख्यतः आवृत्ती बाहेर पडताना. बाहेरच्या माणसाचा पॅच घेतात, त्याआधी करारावर सही लागते. बगची साइट सार्वजनिक आहे, तरी रिलीज नोट्समध्ये अनेकदा ओरॅकलचा अंतर्गत क्रमांकच असतो आणि त्यामागची चर्चा बाहेरून वाचता येत नाही. सुरक्षेच्या दुरुस्त्या जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर अशा तिमाही वेळापत्रकाने येतात. तपशील जुजबी असतो.

याचा त्रास कसा होतो ते ८.० च्या मालिकेत दिसलं. एप्रिल २०१८ मध्ये ८.० आली आणि त्यानंतर पॅच म्हणून येणाऱ्या आवृत्त्यांत नवी वैशिष्ट्यं येत राहिली. चेक कन्स्ट्रेंट (कॉलममध्ये कुठली मूल्यं चालतील याचा नियम) खऱ्या अर्थाने पाळला जाऊ लागला तो ८.०.१६ पासून, त्याआधी तो लिहिला तर सर्व्हर निमूटपणे स्वीकारायचा आणि दुर्लक्ष करायचा. हॅश जॉइन (टेबलं जोडण्याची एक पद्धत) ८.०.१८ मध्ये आला. ८.०.२९ मध्ये तात्काळ कॉलम काढण्याची सोय आली, त्यात डेटा बिघडण्याइतका गंभीर दोष निघाला आणि ती आवृत्ती डाउनलोडमधून काढावी लागली. सुरक्षेसाठी अपडेट घ्यावं तर सोबत नवं वैशिष्ट्य आणि त्याचे दोष घरात येणार, अशी कोंडी होती. २०२३ मध्ये ओरॅकलने ही चूक सुधारली: इनोव्हेशन (नवी वैशिष्ट्यं) आणि एलटीएस (दीर्घ पाठिंबा) असे दोन वेगळे मार्ग केले. एप्रिल २०२४ मध्ये आलेली ८.४ ही पहिली एलटीएस. पाच वर्षांचा मुख्य आणि वर तीन वर्षांचा वाढीव पाठिंबा. ८.० चा पाठिंबा एप्रिल २०२६ पर्यंतचाच, त्यामुळे ८.० हा तुमच्यासाठी फक्त वाटेतला थांबा. ९.x मधल्या इनोव्हेशन आवृत्त्या उत्पादनात लावू नका.

एलटीएस असली तरी पहिल्या दिवशी घेऊ नये हेही लक्षात ठेवा. जुलै २०२४ मध्ये ८.०.३८, ८.४.१ आणि ९.०.० या तिन्हींत दहा हजारांपेक्षा जास्त टेबलं असलेला सर्व्हर पुन्हा सुरू करताना कोसळत होता, आणि लगेच पुढच्या आवृत्त्या काढाव्या लागल्या. प्रत्येक संस्थेसाठी वेगळा डेटाबेस आणि त्यात चाळीस टेबलं अशी तुमची रचना असेल तर ३०० संस्थांची १२,००० टेबलं होतात. अशा रचनेला हा बग नेमका लागला असता.

मारियाडीबी हे २००९ मध्ये मायएसक्यूएलच्याच मूळ लेखकांपैकी एक, मायकेल विडेनियस यांनी केलेलं फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून काढलेली वेगळी शाखा. इथे विकास बराच उघड्यावर आहे. बग ट्रॅकर सार्वजनिक, कोणती दुरुस्ती कुठल्या आवृत्तीत जाणार हे तिथेच दिसतं, गिटहबवर पुल रिक्वेस्ट (बाहेरून सुचवलेले बदल) घेतात. २०१२ मध्ये मारियाडीबी फाउंडेशन स्थापन झालं, पण बरेचसे मुख्य विकासक कंपनीच्या पगारावर आहेत. ती कंपनी डिसेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात गेली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये केवन या गुंतवणूक कंपनीने ती विकत घेऊन बाजारातून बाहेर काढली. फाउंडेशन असल्यामुळे कोड वाऱ्यावर पडणार नाही, हे खरं. पण विकासाचा वेग कंपनीच्या आर्थिक तब्येतीशी बांधलेला आहे, हेही तितकंच खरं.

"मारियाडीबी म्हणजे मायएसक्यूएलच" हा समज मात्र आता सोडायला हवा. ५.५ च्या काळात ते खरं होतं. आज मायएसक्यूएल ८ चे डेटा फोल्डर मारियाडीबी उघडू शकत नाही, जीटीआयडीची (व्यवहारांना क्रमांक देण्याची) पद्धत वेगळी असल्याने दोघांमध्ये सरळ रेप्लिकेशन (एका सर्व्हरची प्रत दुसऱ्यावर सतत ठेवणं) बसत नाही. जेसन कॉलम मायएसक्यूएलमध्ये बायनरी स्वरूपात साठतो, मारियाडीबीत तो तपासणी लावलेला लाँगटेक्स्ट असतो. मायएसक्यूएल ८ चा डंप (डेटा बाहेर काढलेली फाइल) मारियाडीबीच्या बऱ्याच आवृत्त्यांत टाकला की "अननोन कोलेशन" म्हणून १२७३ क्रमांकाची चूक येते; कोलेशन म्हणजे अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम. आणि एक गोष्ट आजच तपासा. तुमच्या टीममधली मुलं आपापल्या लॅपटॉपवर झॅम्प (वेब सर्व्हर आणि डेटाबेस एकत्र देणारं पॅकेज) वापरत असतील तर त्यात २०१५ च्या शेवटापासून मायएसक्यूएलच्या जागी मारियाडीबी येतं. कंट्रोल पॅनलवर नाव मायएसक्यूएल दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. सिलेक्ट व्हर्जन ही क्वेरी चालवा, उत्तरात मारियाडीबी हा शब्द दिसेल. म्हणजे कोड एका डेटाबेसवर तपासला जातोय आणि संस्थेत दुसऱ्यावर चालतोय.

आता परवान्याचा विषय, जो तुमच्या बाबतीत वेगापेक्षा कितीतरी महत्त्वाचा आहे. मध्यवर्ती सर्व्हर तुमच्या ऑफिसात आहे, तिथे जीपीएलमुळे काही अडत नाही. पण ३०० पीसींवर तुमच्या बंद सोर्सच्या इन्स्टॉलरमध्येच मायएसक्यूएल भरून तुम्ही ते विकता. इथे वितरण होतं, आणि जीपीएलच्या, सोबतचा कोडही खुला करण्याच्या, अटी वितरणालाच लागतात. ओरॅकल अशा वापरासाठी व्यावसायिक परवाना विकते. तुमचं इन्स्टॉलर नेमकं कसं बांधलंय त्यावर उत्तर ठरेल, म्हणून जाणकार वकिलाला दाखवून घ्या. पोस्टग्रेसचा परवाना बीएसडीसारखा मोकळा आहे, त्यात ही अडचण येत नाही. परवाने बदलतात हेही गृहीत धरा. मोंगोडीबी या दुसऱ्या डेटाबेसने ऑक्टोबर २०१८ मध्ये आणि रेडिसने मार्च २०२४ मध्ये परवाना बदलला. ज्या प्रकल्पाची सूत्रं एका कंपनीच्या हातात असतात तिथे असं होतं. पोस्टग्रेसमध्ये हक्क शेकडो लोकांत विखुरलेले आहेत, त्यामुळे तिथे असा निर्णय घेणारं कुणी नाही.

संस्थेतल्या पीसीवर मुळात सर्व्हर डेटाबेस हवाच कशाला? एक पीसी, एक वजनकाटा, एक फॅट मशीन, एक ऑपरेटर. इथे एसक्यूलाइट बसवा. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस पब्लिक डोमेनमध्ये आहे, म्हणजे परवान्याचा प्रश्नच संपला. त्याची विकासपद्धत पोस्टग्रेसच्या अगदी उलट: मोजके तीन-चार विकासक, बाहेरचा पॅच सहसा घेतच नाहीत, पण चाचण्यांचा कोड मूळ कोडच्या शेकडो पट आहे, आणि २०५० पर्यंत सांभाळण्याचं जाहीर आश्वासन आहे. खुली चर्चा नसूनही यावर विश्वास टाकावा असं मी म्हणतो, ते या चाचण्यांमुळे आणि फाइलचा फॉरमॅट २००४ पासून मागे-सुसंगत ठेवल्यामुळे.

एसक्यूलाइट लावताना सहा गोष्टी सांभाळा. वॉल मोड (बदल आधी शेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालू करा, म्हणजे वाचणारा आणि लिहिणारा एकमेकांना अडवत नाहीत. लिहिणारा मात्र एका वेळी एकच. बिझी टाइमआउट ५,००० मिलिसेकंद ठेवा, नाहीतर रिपोर्ट आणि नोंद एकदम झाली की "डेटाबेस इज लॉक्ड" येतं. सिंक्रोनस ही सेटिंग फुलच राहू द्या. वेगासाठी कुणी नॉर्मल करायला सांगेल. वॉल मोडमध्ये नॉर्मलने फाइल बिघडत नाही, पण वीज गेली तर शेवटच्या काही नोंदी जाऊ शकतात, आणि सकाळच्या रांगेत वीज गेल्यावर कुणाच्या म्हशीचं सात लिटर दूध गायब झालं तर भांडण तुमच्या दारात येणार. टेबल स्ट्रिक्ट (कॉलमचा प्रकार काटेकोर तपासणारं) करा, ही सोय ३.३७ पासून आहे; नाहीतर फॅटच्या कॉलममध्ये "६.५%" असा मजकूरही खुशाल बसतो. फाइल नेटवर्क शेअरवर ठेवू नका. बॅकअप घेताना चालू फाइल कॉपी करू नका, कारण शेजारच्या वॉल फाइलमधल्या ताज्या नोंदी राहून जातात. बॅकअप कमांड किंवा व्हॅक्यूम इन्टू वापरा.

मध्यवर्ती सर्व्हरकडे नोंदी पाठवताना प्रत्येक नोंदीची ओळख पीसीवरच ठरली पाहिजे. संस्था कोड आणि स्थानिक क्रमांक अशी जोड-की किंवा यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा लांब क्रमांक). मधेच नेट तुटलं तर पीसी तोच गठ्ठा पुन्हा पाठवेल, तेव्हा ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग वापरलं की दुहेरी नोंद होत नाही. यूयूआयडी घेत असाल तर पूर्ण यादृच्छिक चौथा प्रकार टाळा. इनोडीबीत टेबल प्रायमरी कीच्या क्रमानेच साठतं, त्यामुळे यादृच्छिक कीने पानं सतत फुटतात आणि फाइल फुगते. सातवा प्रकार वेळेनुसार चढता असतो. पोस्टग्रेस १८ मध्ये तो आतच तयार मिळतो.

मध्यवर्ती ठिकाणी पोस्टग्रेस आणि इनोडीबी यांच्यातला खरा फरक दिसेल तो दरपत्रक मागच्या तारखेपासून बदलल्यावर. समजा दहा दिवसांच्या बिलाच्या आदल्या दिवशी दर बदलला आणि सगळ्या नोंदींची रक्कम नव्याने काढायची आहे. म्हणजे १५ लाख ओळींचं अपडेट. पोस्टग्रेस जुनी ओळ जागेवर ठेवून नवी लिहितं, त्यामुळे १५ लाख मेलेल्या ओळी तयार होतात. त्या झाडणारा ऑटोव्हॅक्यूम मूळ सेटिंगला टेबलच्या २० टक्के ओळी मेल्यावर जागा होतो. साडेपाच कोटींच्या टेबलात हा आकडा एक कोटी दहा लाख आहे! सात-आठ वेळा दर बदलेपर्यंत काहीच झाडलं जाणार नाही आणि टेबल फुगत जाईल. उपाय सोपा: महिन्यानुसार पार्टिशन (टेबलचे तुकडे) करा, आणि स्केल फॅक्टर (हेच २० टक्के ठरवणारी सेटिंग) ०.२ वरून ०.०२ वर आणा. पार्टिशन केलं असेल तर ही सेटिंग प्रत्येक पार्टिशनवर लावावी लागते, मूळ टेबलवर लावून चालत नाही. फिलफॅक्टर ८५ ठेवा (म्हणजे पान ८५ टक्केच भरतं) आणि रकमेच्या कॉलमवर इंडेक्स नको, म्हणजे पानात जागा असेल तोवर नवी ओळ त्याच पानात बसते आणि इंडेक्सला हात लागत नाही.

इनोडीबी ओळ जागेवर बदलतं आणि जुनी प्रत अंडू लॉगमध्ये टाकतं, त्यामुळे हा फुगवटा येत नाही. तिथे दुसरी अडचण येते. त्याची मूळ आयसोलेशन पातळी (एकदम चालणारे व्यवहार एकमेकांपासून किती वेगळे राहतात ते) रिपीटेबल रीड आहे आणि अपडेट करताना ते ओळींमधल्या मोकळ्या जागाही लॉक करतं. मोठं अपडेट चालू असताना त्याच संस्थेच्या नव्या नोंदी थांबून राहतात आणि ५० सेकंदांनी "लॉक वेट टाइमआउट" येतो. उपाय: अपडेट संस्थावार करा, प्रत्येक संस्थेनंतर कमिट, आणि काम दुपारी लावा. खरं तर पोस्टग्रेसमध्येही असंच करावं.

बिलाच्या क्रमांकाबद्दल एक इशारा. क्रमांकात खंड नको असेल तर ऑटो इन्क्रिमेंट किंवा सिक्वेन्सवर अवलंबून राहू नका. व्यवहार रद्द झाला तरी क्रमांक खर्च होतो, आणि सर्व्हर अचानक बंद पडला तर पोस्टग्रेसचा सिक्वेन्स ३२ पर्यंत क्रमांक उडी मारू शकतो. ५.७ मध्ये तर उलटं होतं: सर्व्हर पुन्हा सुरू झाला की टेबलातल्या सर्वात मोठ्या क्रमांकापासून मोजणी होते, त्यामुळे खोडलेल्या शेवटच्या बिलाचा क्रमांक पुन्हा दिला जातो. वेगळं काउंटर टेबल ठेवा, सिलेक्ट फॉर अपडेटने ओळ लॉक करा आणि बिलाच्याच व्यवहारात क्रमांक वाढवा.

मराठी नावांकडे कुठलंही मार्गदर्शन लक्ष देत नाही, म्हणून इथे थांबून सांगतो. "कुऱ्हाडे" हे आडनाव तीन प्रकारे टाइप होतं: थेट ऱ हे अक्षर, र आणि खाली नुक्ता, किंवा र, हलंत आणि अदृश्य जोडणारा. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात. पोस्टग्रेस मूळ सेटिंगला ती तीन वेगळी नावं मानतं, म्हणून शोधल्यावर सभासद सापडत नाही. नॉर्मलाइझ हे फंक्शन १३ पासून आहे, त्याने पहिली दोन एक होतात. तिसऱ्यासाठी रिप्लेस करावं लागतं. मायएसक्यूएल ८ च्या मूळ ०९०० एआय सीआय कोलेशनमध्ये तिन्ही सारखी धरली जातात, पण त्याच नियमाने "दर्या" आणि "दऱ्या" हेही सारखेच ठरतात. त्यामुळे कुठलाही डेटाबेस घ्या, नाव आत येतानाच एका रूपात आणा.

५.७ वरून वर जाताना अजून एक गाठ बसते. ५.७ चा मूळ कॅरेक्टर सेट लॅटिन१ होता, ८ चा यूटीएफ८एमबी४. जुनी टेबलं जुन्याच कोलेशनवर राहतात, नवी टेबलं नव्यावर जातात आणि दोघांचा जॉइन केला की "इलीगल मिक्स ऑफ कोलेशन्स" ही १२६७ ची चूक येते. सगळी टेबलं एकदाच बदलून घ्या. आणि लॅटिन१ कॉलममध्ये मराठी बाइट तसेच कोंबलेले असतील तर सरळ कन्व्हर्ट करू नका; आधी कॉलम बायनरी करा, मग यूटीएफ८एमबी४. सरळ कन्व्हर्ट केलं तर नावांचा कचरा होतो. हे बॅकअपच्या प्रतीवर करून बघितल्याशिवाय मूळ डेटाला हात लावू नका.

पोस्टग्रेसची याच भागातली खोड ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडलेली आहे. मजकुराचा क्रम तो मूळ सेटिंगला लिनक्सच्या जीलिबसी या मूलभूत लायब्ररीकडून घेतो. जीलिबसी २.२८ मध्ये हा क्रम बदलला. उबुंटू १८.०४ वरून २०.०४ वर गेलात तर डेटाबेस न बदलताही नावांवरचे इंडेक्स चुकीचे ठरतात: नोंद टेबलात असते, इंडेक्समधून सापडत नाही, युनिक असूनही दुहेरी नाव शिरतं. ओएस बदलली की रीइंडेक्स करायचंच. नवा डेटाबेस १७ किंवा १८ वर काढत असाल तर अंतर्गत सी यूटीएफ८ प्रोव्हायडर निवडा आणि यादी मराठी क्रमाने हवी तिथेच आयसीयू या भाषांसाठीच्या लायब्ररीचं मराठी कोलेशन लावा. ळ ला ह च्या पुढची जागा त्यानेच मिळते. मायएसक्यूएलच्या ०९०० कोलेशनांमध्ये मराठीसाठी वेगळं कोलेशन नाही.

मग निवड? संस्थेच्या पीसीवर एसक्यूलाइट, मध्यवर्ती ठिकाणी पोस्टग्रेस १७ किंवा १८. बदल उघड्यावर होतात, छोट्या आवृत्त्या निर्धास्त घेता येतात, परवाना मोकळा आहे. एका अटीवर मत बदलेन. तुमच्या कोडमध्ये शेकडो स्टोअर्ड प्रोसिजर असतील आणि टीममध्ये पोस्टग्रेस जाणणारं कुणीच नसेल, तर मध्यवर्ती सर्व्हर मायएसक्यूएल ८.४ वर न्या आणि तिथेच राहा. ५.७ वरून थेट ८.४ वर जाता येत नाही, आधी ८.०, मग ८.४. आधी मायएसक्यूएल शेलमधला अपग्रेड चेकर चालवा. ८.४ मध्ये नेटिव्ह पासवर्ड ही जुनी लॉगिन पद्धत मूळ सेटिंगला बंद आहे, म्हणून जुने पीएचपी आणि जुने ड्रायव्हर जोडले जात नाहीत. आणि ८.० झाल्यावर ५.७ वर परत येण्याचा रस्ता नाही, फक्त बॅकअप आहे.

पोस्टग्रेसवर जाणार असाल तर पीजीलोडर हे साधन डेटा नीट आणतं. अडतं ते कोडमध्ये. शून्य तारखा पोस्टग्रेस घेत नाही, त्या नल करा. अनसाइन्ड प्रकार नाही. नावाचा शोध अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपावर अवलंबून होतो, म्हणून इंग्रजीत नोंदलेली नावं अचानक सापडेनाशी होतात. रिप्लेस इन्टू आणि ऑन डुप्लिकेट की नव्याने लिहावे लागतात. रक्कम, फॅट, एसएनएफ हे फ्लोटमध्ये (अंदाजे अपूर्णांकात) असेल तर याच वेळी न्यूमेरिक (अचूक दशांश) करा. सिक्वेन्स पुढे सरकलेत का तेही बघा, नाहीतर पहिल्याच नोंदीला डुप्लिकेट की येईल. कनेक्शनची मर्यादा मूळ १०० आहे आणि प्रत्येक कनेक्शन म्हणजे वेगळी प्रोसेस. ३०० पीसी थेट जोडू नका, मधे एपीआय किंवा पीजीबाउन्सर (कनेक्शन पूलिंग करणारं साधन) ठेवा. रेप्लिकेशन स्लॉट वापरत असाल तर त्याने अडवून ठेवायच्या वॉलला (बदलांच्या नोंदवहीला) मर्यादा घाला, कारण बंद पडलेला रेप्लिका (प्रत ठेवणारा सर्व्हर) डिस्क भरून मुख्य सर्व्हर थांबवतो.

बॅकअपचं ठिकाण कोल्हापुरात राहून विचारपूर्वक निवडा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. ऑफिसातला सर्व्हर आणि त्याच इमारतीतली बॅकअपची डिस्क एकदम पाण्यात जाऊ शकतात किंवा कित्येक दिवस विजेविना राहू शकतात. एक प्रत जिल्ह्याबाहेर, क्लाउडच्या मुंबई रीजनमध्ये ठेवा. पीजीबॅकरेस्ट हे साधन बेस बॅकअप (पूर्ण प्रत) आणि वॉल दोन्ही तिकडे पाठवू शकतं. महिन्यातून एकदा ती प्रत दुसऱ्या मशीनवर उतरवा आणि एका संस्थेचं मागचं दहा दिवसांचं बिल त्यातून काढून छापील बिलाशी पैशापर्यंत ताडून बघा.

कट-ओव्हर (नव्या सिस्टिमवर जाणं) पावसाळ्यात किंवा दिवाळीआधी दरफरकाच्या गडबडीत नको. फेब्रुवारी-मार्चमध्ये आधी पाच संस्था घ्या, त्यांची तीन बिलं जुन्या-नव्या दोन्ही सिस्टिमवर समांतर काढा, तिन्ही जुळली की पन्नासच्या गटाने पुढे सरका.